रोगाच्या आधीचं ताट

१९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत दाखल झाल्या, तेव्हा गिरण्यांच्या या शहरातल्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय ग्रासत होता. बाई पांढरीफटक पडे, चार पायऱ्या चढताना तिला धाप लागे, आणि कित्येकदा बाळंतपणात ती हातची जाई. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिलं तर तांबड्या पेशी कमी होत्याच, शिवाय होत्या त्या नको इतक्या मोठ्या होत्या. जंतुसंसर्ग हे कारण धरून चालावं तर पुरावा जुळेना. परळच्या हाफकिन संस्थेत काम करणाऱ्या विल्स मग रक्ताइतक्याच बारकाईनं ताटाकडे पाहू लागल्या. आजार कोणत्या घरांतल्या बायकांना होतो आणि त्या घरांत शिजतं काय, याच्या नोंदी त्यांनी घेतल्या. भाजी, फळं, दूध यांची जिथे वानवा होती, तिथे आजार बोकाळला होता. पुढे प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यात एका आजारी माकडाला यीस्टचा काळा, खारट लगदा खाऊ घातला, तो म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खातात ते मार्माइट. माकड सुधारलं. तोच लगदा बायकांना दिला, त्याही सुधारल्या. १९३१ साली विल्स यांनी हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले.

त्या लगद्यात नेमकं काय होतं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढण्यात आला आणि फॉलिक ॲसिड हे नाव रूढ झालं. त्यानंतर अर्धशतक उलटलं. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांत केलेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मज्जारज्जूचा दोष असलेलं मूल ज्यांना आधी झालं होतं, अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर तोच दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असं तिच्यातून दिसलं. यातला ‘आधीपासून’ हा शब्द महत्त्वाचा. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच मिटते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही लागलेला नसतो. डॉक्टरकडे नाव नोंदवायला बाई जाते तेव्हा ती वेळ टळून गेलेली असते.

आहारातून रोग टाळू पाहणाऱ्या माणसाची सगळी अडचण इथेच आहे. त्याला ज्या वेळी काम करायचं असतं, त्या वेळी त्याच्याकडे कोणी येत नाही. दुखत असेल तर माणूस दवाखान्याची पायरी चढतो. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रांगेत उभं कोण राहणार? म्हणून रोगप्रतिबंधाकडे वळलेल्या आहारतज्ज्ञाला लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत स्वतःच जावं लागतं. या पुस्तकाचा विषय तो प्रवास आहे.

एरवी आपल्याकडे आहारतज्ज्ञ म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. पहिलं ‘डाएटवाल्या मॅडम’चं: लग्नाआधी दहा किलो कमी करून देणाऱ्या, छापील तक्ता हातात ठेवणाऱ्या. दुसरं रुग्णालयातलं. हे दुसरं काम फार कष्टाचं आणि कौशल्याचं आहे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला नळीवाटे किती मिलिलिटर अन्न द्यायचं, भाजलेल्या माणसाच्या प्रथिनांचा हिशोब कसा मांडायचा, डायलिसिसवर असलेल्या आजोबांची पालेभाजी पोटॅशियम कमी व्हावं म्हणून उकळून तिचं पाणी कसं ओतून द्यायचं, हे सगळं तिथे रोज ठरतं. पण तिथे पोचलेला प्रत्येक जण आजारी झालेला असतो. मधुमेह्याच्या ट्रेमधली भाताची वाटी लहान करणं हा उपचार झाला. तो माणूस वीस वर्षांपूर्वी काय जेवत होता, हे विचारायला तेव्हा कोणी नव्हतं.

आणि विचारायला हवं, असं आकडे सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे, असा अंदाज त्यांत दिला आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं, म्हणजे ते वाढलं. त्याच पाहणीत राज्यातल्या २०.८ टक्के बायका प्रमाणाबाहेर बारीक आणि २३.४ टक्के प्रमाणाबाहेर जाड होत्या. उपासमार खेड्यात आणि खादाडी शहरात, अशी सोयीची वाटणी आता करता येत नाही. एकाच घरात सासूला मधुमेह, सुनेला रक्तक्षय आणि नातवाच्या हातात वेफर्सचं पाकीट असतं, आणि तिघांचं जेवण एकाच पातेल्यातून वाढलं जातं.

हे असं का होतं याचा एक मोठा धागा पुण्यात सापडला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर होण्याआधीपासून बायकांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्या काय खातात, किती राबतात, वजन किती, मग बाळ किती वजनाचं, त्याच्या दंडाचा घेर किती, पाठीवरच्या कातडीची चिमटीत येणारी जाडी किती, असं सगळं मोजलं गेलं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना करता पुण्याची बाळं हाडापेराने लहान आणि स्नायूंनी किरकोळ होती, पण त्यांची चरबी त्या मानानं घटलेली नव्हती. बारीक दिसणारं, तरीही आतून मेदयुक्त असं हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकण्याची शक्यता जास्त. याज्ञिकांनी हीच गोष्ट २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका मिस्कील छायाचित्रातून मांडली. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बिनधोक ठरलेल्या मराठी माणसानं हे चित्र एकदा जरूर पाहावं.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती लुसी विल्स यांच्या गोष्टीला वेगळं वळण देते. या गावांतल्या मातांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास स्त्रियांमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता होती. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. डाळ-भाजी-भाकरीतून मिळत नाही. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलेट भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. म्हणून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद कराव्यात असा याचा अर्थ कोणी काढू नये. अर्थ इतकाच की एका जीवनसत्त्वाची भर घालताना त्याच्या जोडीदाराची विचारपूस करावी लागते.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये तर थेट खाऊचाच प्रयोग झाला. २००६ पासून सुमारे साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ देण्यात आला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध होतं, उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे पदार्थ. बाळांच्या वजनात एकूण गटाचा विचार करता अपेक्षेइतका फरक पडला नाही, हे संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं. पण ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण बटाटा-कांद्याच्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के निघालं. हे कोणत्याही औषधाविना झालं, नाक्यावरच्या भाजीवालीकडे मिळणाऱ्या जिनसांनी झालं.

अशा कथा ऐकल्या की वाटतं, चला, चांगलं अन्न कोणतं ते कळलं, आता यादी करू आणि वाटू. इथे ज्वारीची हकीकत आठवावी. गेल्या शतकाच्या मध्याला दख्खनच्या पठारावर, ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा रोग दिसे. गळ्याभोवती आणि हातापायांवर काळे, खपली धरलेले चट्टे, जुलाब आणि पुढे बुद्धिभ्रंश. हा रोग मक्यावर जगणाऱ्यांचा, असं जगभर मानलं जाई. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्याचं प्रमाण जास्त झालं की शरीरात नायसिनची तूट पडते, असं त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे वादही झाले. आज तीच ज्वारी मधुमेह्यांसाठी उत्तम म्हणून शहरातल्या दुकानांत कौतुकानं विकली जाते, आणि भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्षही साजरं केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन राबणाऱ्या मजुराची ज्वारी वेगळी. आमटी, पालेभाजी, ताक, एखादं अंडं यांच्या संगतीनं येणारी ज्वारी वेगळी. कोणतंही धान्य एकटं औषध नसतं आणि एकटं विषही नसतं. समाजमाध्यमांवर ‘हे खा, ते सोडा’ सांगणाऱ्यांना हे पटत नाही, कारण तीस सेकंदांत ते सांगता येत नाही.

मग आहारतज्ज्ञ करतो काय? आधी ऐकतो. चोवीस तासांच्या आहाराची आठवण काढून घेणं हे या धंद्यातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत अवघड हत्यार आहे. “काल काय जेवलात?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “काही नाही हो, आपलं नेहमीचंच. पोळी-भाजी, वरण-भात.” नवशिका ते लिहून घेतो आणि फसतो. मुरलेला विचारतो, “ताई, सकाळी उठल्यावर पहिलं तोंडात काय गेलं?” मग चहा निघतो. चहाबरोबर खारी निघते, किती तर “दोन-तीन”. साडेदहाला पुन्हा चहा. पोरांनी डब्यात टाकलेला अर्धा पराठा “वाया कशाला घालवायचा” म्हणून पोटात गेलेला असतो, तो कोणत्याच जेवणात मोजला जात नाही. वाटी म्हणजे कोणती वाटी, हे दाखवायला पुढ्यात तीन आकारांच्या वाट्या ठेवाव्या लागतात. पोळीला तेल लावता की नुसती, कणीक मळताना घालता का, भाजीच्या फोडणीला पळी की डाव? आणि हे सगळं पोलिसी चौकशी न वाटता विचारायचं, कारण समोरच्या बाईला क्षणभरही वाटलं की आपली परीक्षा चालली आहे, तर ती खरं सांगायचं थांबते.

दुसरं हत्यार म्हणजे वाण्याची यादी. माणूस जेवणाबद्दल विसरतो, यादी विसरत नाही. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा संपतो असं समजा. पाच लिटर म्हणजे साधारण ४६०० ग्रॅम. चौघांत आणि तीस दिवसांत वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम झालं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात तेलाला सुमारे २७ ग्रॅम जागा आहे, आणि बाहेरचा वडापाव, हॉटेलातली पनीरची भाजी यांचं तेल या डब्यात धरलेलंच नाही. मिठाचंही तसंच. महिन्याला एक किलोची पिशवी चौघांत म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर, मर्यादा पाचची. लोणचं, पापड, फरसाण यांचं मीठ त्यावर. चहात दोन चमचे साखर घालून दिवसाला चार कप घेणाऱ्याची साखर चहातच तीस-चाळीस ग्रॅम होते. सांगितलेली आहे पंचवीसच्या आत.

उलटा हिशोब डाळींचा. त्याच ताटात डाळी, कडधान्यं, अंडी किंवा मांस मिळून माणशी रोज ८५ ग्रॅमची शिफारस आहे. शाकाहारी चौघांसाठी ते महिन्याला दहा किलोंवर जातं. आपल्या घरात दहा किलो डाळी-कडधान्यं येतात का, हे वाचकानं यादी काढून पाहावं. तूरडाळीचा भाव काय आहे, मटकी परवडते की चवळी, आठवडी बाजारात पालेभाजी कोणत्या दिवशी स्वस्त मिळते, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं या विषयावर सल्ला देऊ नये. ॲव्होकाडो आणि क्विनोआ लिहून देणारे तक्ते पाहिले की हसू येतं, आणि ते विकत घेणाऱ्यांची कीवही.

सणवार आणि उपास हा तर वेगळाच पेपर. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचं कूट पडतं म्हणून थोडी प्रथिनं येतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या काकूंना “उपास सोडा” असं सांगणारा आहारतज्ज्ञ दुसऱ्यांदा त्या दारात उभा राहू शकत नाही. भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, काकडीची कोशिंबीर असा उपास त्यांना सुचवता येतो, आणि खिचडी हवीच असेल तर ती एका वाटीवर थांबवता येते. रक्तक्षय असलेल्या मुलीला पालक खा म्हणताना जेवणावर लगेच चहा नको आणि वरून लिंबू पिळ, एवढं सांगितलं तरी लोह अंगी लागायला मदत होते. मोठे बदल माणसं आठवडाभर करतात आणि सोडून देतात. असे बारके बदल टिकतात.

हे सगळं करून रोग खरोखर टळतो का, ही शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’नं २००२ मध्ये तिचं उत्तर दिलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३२३४ लोकांपैकी ज्यांना आहार आणि व्यायामाचं सातत्यानं मार्गदर्शन मिळालं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं. त्या मार्गदर्शकांत बहुसंख्य आहारतज्ज्ञच होते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या चाचणीत, २००६ मध्ये, आहार-व्यायामानं २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिननं २६.४ टक्के घट दिसली. आपल्याकडचा आकडा लहान आहे, पण औषधाच्या तोडीस तोड आहे. आणि विशेष म्हणजे या लोकांचं वजन फारसं घटलेलं नव्हतं. वजनकाटा हललाच नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

फिनलंडच्या नॉर्थ कारेलिया प्रांताची कथा याहून मोठी. तिथली उमेदीतली माणसं हृदयविकारानं पटापट मरत होती. १९७२ मध्ये पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली एक प्रकल्प सुरू झाला. लोणी, साईचं दूध आणि मीठ कमी करायचं, भाज्या वाढवायच्या. डॉक्टरांच्या भाषणांनी हे साधलं नसतं. गावोगावच्या महिला मंडळांनी जुन्याच पाककृती कमी लोण्यात करून दाखवल्या, दुकानदार आणि डेअऱ्यांना सोबत घेतलं गेलं, दुग्धव्यवसायाला पर्याय म्हणून स्थानिक बेरी फळांच्या शेतीला हात दिला गेला. साधारण पस्तीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. त्यात तंबाखू कमी झाल्याचाही वाटा होता, पण ताट बदललं हे नक्की.

फिनलंडमधलाच एक उलटा अनुभव मात्र प्रत्येक विद्यार्थ्यानं पाठ करून ठेवावा. भाज्या-फळं खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असतं, मग त्याचीच गोळी दिली तर? २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना हाताशी धरून चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल लागला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. गाजराचं काम गोळीनं केलं नाही. डबेच्या डबे ‘इम्युनिटी’ विकणाऱ्या बाजारात उतरणाऱ्या तरुण आहारतज्ज्ञाला ही चाचणी माहीत नसेल, तर कंपनीचा विक्रेता त्याला सहज गुंडाळेल.

महाराष्ट्रात अलीकडच्या काळात आहारावरून घराघरांत दोन पक्ष पडले. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी दिवसातून दोनदाच जेवणार, ऋजुता दिवेकरांचे वाचक थोड्या थोड्या वेळानं खाणार. वर्तमानपत्रांनी तर त्याचा सामनाच लावला. या वादाचा एक फायदा झाला: इन्सुलिन हा शब्द स्वयंपाकघरात पोचला. पण प्रतिबंध करू पाहणाऱ्या आहारतज्ज्ञाला कोणाच्या बाजूनं उभं राहून भागत नाही. त्याचा पहिला प्रश्न ‘कोण खाणार आहे?’ हाच असतो. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेला माणूस डॉक्टरांना न विचारता एकदम दोनच वेळा जेवू लागला, तर त्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रात्रपाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाचं ‘सकाळचं जेवण’ कधी असतं, हेही आधी विचारावं लागतं.

या क्षेत्रात शिरायचं कसं, याची माहिती पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. थोडक्यात सांगायचं तर बारावीनंतर, बहुतेक ठिकाणी विज्ञान शाखेतून, पोषण आणि आहारशास्त्रातली किंवा गृहविज्ञानातली पदवी, मग आहारशास्त्रातला पदव्युत्तर डिप्लोमा किंवा एमएस्सी, रुग्णालयातली इंटर्नशिप, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी परीक्षा, जी उत्तीर्ण झाल्यावर नावापुढे ‘आरडी’ लावता येतं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं जुहूचं गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतन यांनी या विषयाच्या कित्येक पिढ्या घडवल्या. गंमत अशी की गृहविज्ञान म्हणजे ‘लग्न ठरेपर्यंतचा कोर्स’ असं म्हणणाऱ्या घरांतूनच या मुली आल्या. मुलगे अजूनही कमीच येतात. त्यांनी यायला हवं; बाजारहाट आणि खाण्याचे निर्णय पुष्कळ घरांत पुरुष करतात आणि त्यांच्याशी बोलायला पुरुषही लागतात.

या वाटेवर मराठी माणसाला पूर्वसूरी शोधायला लांब जावं लागत नाही. कमला सोहोनी, दुर्गा भागवतांच्या भगिनी, यांना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी तो हट्टानं मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली, आणि परत आल्यावर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत व मुंबईच्या विज्ञान संस्थेत गरिबांच्या ताटातल्या गोष्टींवर काम केलं: नीरा, कडधान्यं, तांदूळ. पुढे १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्या संस्थापकांपैकी एक होत्या आणि अन्नभेसळीविरुद्ध त्यांनी लेखन केलं. प्रयोगशाळेतून थेट वाण्याच्या दुकानापर्यंत जाणारा हा रस्ता प्रतिबंधक आहारशास्त्राचाच आहे.

कायद्याच्या बाजूनं मात्र हे क्षेत्र अनेक वर्षं अनाथ होतं. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही दारावर ‘न्यूट्रिशनिस्ट’ अशी पाटी लावू शकत होता. २०२१ मध्ये संसदेनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि पोषणशास्त्रातल्या व्यावसायिकांना त्यात जागा दिली. केंद्र आणि राज्य पातळीवर नोंदवह्या ठेवण्याची तरतूद त्यात आहे.

पैशाचं बोलायचं तर खरं बोलावं. रोग टाळण्याच्या सल्ल्याला फी द्यायची सवय आपल्याला नाही. वजन घटवून देणारी चिकित्सालयं चालतात; ‘तुम्हाला वीस वर्षांनी मधुमेह होऊ नये म्हणून’ असं म्हणणाऱ्याचं चिकित्सालय रिकामं राहतं. म्हणून हे काम करणारे बहुधा संस्थांतून करतात: महापालिकेचं प्रसूतिगृह, शाळा, कारखान्याचं कँटीन, अंगणवाडीच्या आहाराचं नियोजन, संशोधन प्रकल्प. कँटीनच्या आचाऱ्याला तेल मोजून वापरायला राजी केलं तर एका दिवसात शेकडो ताटांत फरक पडतो, पण त्याबद्दल आभार मानायला कोणीही येत नाही. न झालेल्या आजाराचा रुग्ण कोणालाच दिसत नसतो. ज्याला कौतुकाची भूक मोठी आहे, त्यानं दुसरं क्षेत्र निवडलेलं बरं.

ज्यांना तरीही यायचंय त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. त्यांना आणि त्यांच्या पालकांना एवढीच विनंती: फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमानंतर नोंदणीची परीक्षा देता येते का आणि इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात मिळते, हे लेखी विचारून घ्या. शक्य झालं तर एक सकाळ एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या आहार विभागात परवानगी काढून बसा, आणि एक दिवस गावातल्या अंगणवाडीत, महिन्याच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवशी, सेविका बाळांची वजनं घेते तेव्हा तिच्या शेजारी उभे राहा. तिथे तास-दोन तास काढल्यावरही हे काम आवडलं, तर प्रवेशाचा अर्ज भरा.